हुडकेश्वरची बस कोणी आखायची?

नागपूर मेट्रोचा नकाशा लक्षात ठेवायला सोपा आहे. एक उभी रेघ, एक आडवी रेघ आणि दोघींची गाठ सीताबर्डीला. उभी ऑटोमोटिव्ह चौकातून निघून खापरीला पोचते, आडवी प्रजापतीनगरातून लोकमान्यनगरला. शाळकरी पोराच्या वहीतले अधिकचे चिन्हच. ११ डिसेंबर २०२२ रोजी उरलेल्या तुकड्यांचे उद्घाटन होऊन हे चिन्ह पूर्ण झाले आणि त्याच दिवशी दुसऱ्या टप्प्याची पायाभरणीही झाली. ४३.८ किलोमीटर, ३२ स्थानके, खर्च ६,७०८ कोटी रुपये. हा टप्पा कन्हान नदी, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडचे ट्रान्सपोर्टनगर या चार टोकांना जाणार. म्हणजे आहे त्याच अधिकच्या चार भुजा आणखी लांब होणार.

भुजा कितीही लांबवल्या तरी त्यांच्या मधले चार कोपरे रिकामेच राहतात. त्यांतल्या आग्नेयेच्या कोपऱ्यात हुडकेश्वर आहे.

म्हाळगीनगर चौकातून दक्षिणेकडे वळले की हुडकेश्वर रोड लागतो. पुढे हुडकेश्वर नाका, पिपळा फाटा, आणि दोन्ही अंगांना ले-आउटमागून ले-आउट. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत इथल्या शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटवर आधी एक खोली, मग स्लॅब, मग वरचा मजला असे घर वाढत गेले. शहराच्या मध्यभागी जागा परवडत नाही पण नोकरी मात्र तिथेच आहे, अशा माणसांची ही वस्ती. मेडिकल रुग्णालयात पाळी करणारी परिचारिका, मिहान प्रकल्पातला सुरक्षारक्षक, बुटीबोरीच्या कारखान्यातला कामगार, उमरेडकडून शिकायला येऊन खोली करून राहिलेली पोरे. यांच्यासाठी मेट्रोचे सर्वांत जवळचे स्थानक वर्धा रोडवर, सरळ रेषेत मोजले तरी पाच-सहा किलोमीटरवर.

हा आकडा सहज लिहिलेला नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो रेल धोरणात म्हटले आहे की, प्रत्येक स्थानकाच्या सभोवतालच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात पूरक वाहतुकीची सोय करणे हा प्रकल्पाचाच भाग असला पाहिजे. पूरक म्हणजे फीडर बस, ऑटो, पायवाटा, सायकली. हुडकेश्वर या पट्ट्याच्या बरोबर काठावर पडते. काठावर पडणाऱ्याचे काय होते, हे कोणत्याही गुणपत्रिकेला ठाऊक असते.

बस मुळीच नाही असे मात्र नाही. महापालिकेची 'आपली बस' मार्च २०१७ पासून शहरात धावते आणि बर्डीहून, म्हणजे सीताबर्डीहून, या बाजूला येतेही. अडचण दिशेची आहे. नागपूरच्या बसगाड्यांना बर्डीची ओढ फार. कुठूनही निघाल्या तरी त्या तिथल्या मोरभवन बसस्थानकाकडे जातात. ऑटोवाल्यांची हाकही 'बर्डी, बर्डी' अशीच. ज्याला मेडिकलला किंवा बर्डीला जायचे त्याचे यात भागते. पण हुडकेश्वरच्या माणसाला हल्ली आडवे जायचे असते: रिंग रोडने छत्रपती चौकातल्या मेट्रोला, दिघोरीला, किंवा बेसामार्गे मिहानकडे. आडव्या प्रवासासाठी शेअर ऑटो, दोन टप्पे, दोनदा पैसे. नाहीतर हप्त्यावरची दुचाकी. ज्या घरात एकच दुचाकी आहे तिथे ती सकाळी कोण घेऊन जातो, हे वेगळे सांगायला नको.

मग एक छोटी आडवी बस-लाइन का नसावी? हुडकेश्वर नाका, म्हाळगीनगर, मानेवाडा, ओंकारनगर, नरेंद्रनगर, छत्रपती चौक. नकाशावर ती दोन मिनिटांत आखता येते. आणि ती दोन मिनिटांत आखली जाण्याचीच भीती आहे. कारण याच वाटेवर नरेंद्रनगरचा रेल्वेपूल आहे, आणि पावसाळ्यात त्या पुलाखाली काय होते हे त्या भागातल्या कोणालाही विचारा. जोरदार सर आली की पाणी साचते आणि रहदारी तिथेच अडते. जून ते सप्टेंबर बसचा पर्यायी रस्ता कोणता, हा प्रश्न कार्यालयातल्या पडद्यावर दिसत नाही. पुलापाशी गाडी ढकललेल्या माणसाला तो पहिल्यांदा सुचतो.

ग्रामसभा गेली, मग काय आले?

हुडकेश्वर आणि शेजारचे नरसाळा २०१३ मध्ये नागपूर महापालिकेच्या हद्दीत आले. शहराचे क्षेत्र २१७ चौरस किलोमीटरवरून २२७ वर गेले. गावकऱ्यांना पाइपलाइन, गटार, पथदिवे यांची आशा होती, आणि ती रास्तच होती. पण या व्यवहारात एक गोष्ट निमूट गेली आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. ती म्हणजे ग्रामसभा.

ग्रामपंचायतीत ग्रामसभा हे कायद्याने दिलेले व्यासपीठ असते. मतदारयादीत नाव असलेला कोणीही उभा राहून विचारू शकतो. महाराष्ट्रात तर नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. ग्रामसभा सगळीकडे धड चालतात असे म्हणण्याचा भाबडेपणा इथे नको. कोरम नाही म्हणून तहकूब झालेल्या सभांच्या वह्या कोणत्याही तालुक्यात सापडतील. तरी एसटीची फेरी हवी असेल तर ग्रामपंचायतीने ठराव करायचा, तो आगार व्यवस्थापकाकडे द्यायचा आणि पोरींच्या शाळेची वेळ त्यात लिहायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या खेड्यांना चांगली माहीत आहे. मुलींना शाळेत ने-आण करणाऱ्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस १२५ तालुक्यांत सुरू झाल्या, तेव्हाही गाडीची वेळ शाळेच्या घंटेशी जुळवणे हाच कळीचा मुद्दा होता.

महापालिकेत आल्यावर हा ठराव कोणी करायचा? २०१७ च्या निवडणुकीत नागपुरात ३८ प्रभाग आणि १५१ नगरसेवक होते, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. चौघांपैकी बसचे कोणाला सांगायचे, हेच ठरेना. मार्च २०२२ मध्ये त्यांचीही मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे महापालिकेत प्रशासक राहिले. त्या काळात परिवहन समिती नव्हती, प्रश्न विचारायला सभागृह नव्हते.

यावर उपाय कायद्यात आहे, हा यातला गमतीचा भाग. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहर-नूतनीकरण योजनेचा निधी हवा असेल तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती. म्हणून महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात दुरुस्ती करून 'क्षेत्रसभा' आणल्या. मोजक्या मतदान केंद्रांपुरत्या परिसरातल्या मतदारांची सभा, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. निधी आला, बस आल्या, उड्डाणपूल आले. क्षेत्रसभा कायद्याच्या पुस्तकातच राहिली. हुडकेश्वरच्या रहिवाशाकडून एक सभा काढून घेतली गेली आणि तिच्या जागी जी यायला हवी होती ती भरलीच नाही. या भागातल्या बसचा प्रश्न मुळात इथे अडकला आहे, असे हा लेखक मानतो.

मोजणीत न येणारी माणसे

बसचा मार्ग आखायचे शास्त्र आहे आणि ते टाकाऊ नाही. चौकात वाहने मोजतात, बसमध्ये कुठे किती चढले-उतरले ते टिपतात, घरोघरी जाऊन काल तुम्ही कुठून कुठे गेलात ते विचारतात. त्यातून मागणीचा तक्ता बनतो. पण काल जो गेला त्याचीच यात नोंद होते. बस नाही म्हणून जिने दवाखान्यातली नोकरी धरली नाही, जिच्या घरच्यांनी संध्याकाळचा क्लास बंद केला, जो म्हातारा महिन्याच्या तपासणीला मुलाच्या सुट्टीची वाट पाहतो, ही माणसे कालही घरीच होती. तक्त्यात ती शून्य आहेत. शून्याला बस मिळत नाही.

अंतराचेही तसेच. थांबा पाचशे मीटरच्या आत असावा, असा वाहतूक आखणीत साधारण ठोकताळा असतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, म्हणजे हुडकेश्वर शहरात आले त्याच वर्षी. त्या उन्हात कडेवर मूल घेऊन पाचशे मीटर चालून दाखवावे आणि मग तो ठोकताळा लिहावा. कडुलिंबाची सावली कोणत्या वळणावर आहे, सिमेंट रोड उंच झाल्यामुळे कोणत्या ले-आउटच्या तोंडाशी पाणी तुंबते, रात्री आठनंतर कोणत्या पट्ट्यात दिवे नसतात, ही माहिती विनामूल्य उपलब्ध आहे. फक्त ती विचारावी लागते.

नागपुरात बसवर चर्चा पुष्कळ होते, पण बहुधा ती कशावर चालते याची. ऑगस्ट २०१४ मध्ये इथे इथेनॉलवरची देशातली पहिली बस धावली. स्कॅनिया कंपनीच्या त्या हिरव्या, वातानुकूलित गाड्यांचे फोटो देशभर छापून आले. २०१८ मध्ये कंपनीने सेवा गुंडाळली. मग सीएनजीची पाळी आली, मग विजेवरची, त्यात महिलांसाठीच्या 'तेजस्विनी'. इंधन बदलणे चांगलेच. पण थांब्यावर उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न इंधनाचा नसतो. गाडी किती वाजता येईल आणि ती खरेच येईल का, एवढाच तिचा प्रश्न असतो.

एका पत्रातून निघालेली बस

टोकियोच्या पश्चिमेला मुसाशिनो नावाचे छोटे शहर आहे. रेल्वे उत्तम, मोठ्या रस्त्यांवर बस भरपूर, आणि आतल्या अरुंद गल्ल्यांत काहीच नाही. तिथल्या एका वृद्ध रहिवाशाने महापौरांना पत्र लिहिले. पायांत जोर उरला नाही, गावात जायची इच्छा आहे, पण थांब्यापर्यंत पोचता येत नाही, अशा आशयाचे. असली पत्रे जगातल्या प्रत्येक नगरपालिकेत येतात आणि फाइलीत जातात. मुसाशिनोत मात्र त्यावर काम सुरू झाले.

पालिकेने आधी आपल्या शहरातले 'रिकामे' भाग शोधले. थांब्यापासून तीनशे मीटरपेक्षा दूर असलेला भाग तो रिकामा, अशी त्यांची व्याख्या. मग माणसांचे निरीक्षण झाले: म्हातारी माणसे किती चालल्यावर थांबतात, कुठे टेकतात, पायरी चढताना काय धरतात. त्यातून निघालेली उत्तरे मोठ्या बसच्या सगळ्या गृहीतकांना छेद देणारी होती. गाडी लहान हवी, म्हणजे गल्लीत शिरेल. थांबे दोनशे मीटरवर हवेत. भाडे एकच हवे, म्हणजे सुट्टे शोधण्यात वेळ जाणार नाही. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी 'मू-बस' सुरू झाली, भाडे शंभर येन. जपानभर शेकडो पालिकांनी पुढे तिची नक्कल केली.

नक्कल करणाऱ्यांतल्या अनेकांना ते यश लाभले नाही, हे मुद्दाम नोंदवायला हवे. त्यांनी लहान गाडी आणि शंभर येन घेतले. त्याआधीचे निरीक्षण घेतले नाही.

भारतातले उदाहरण हवे असेल तर केरळात जावे. तिथल्या राज्य परिवहन महामंडळाने २०२२ मध्ये 'ग्रामवंडी' योजना आणली. गाडी आणि चालक-वाहक महामंडळाचे, डिझेलचा खर्च स्थानिक पंचायतीचा, आणि मार्ग-वेळा ठरवण्यात पंचायतीचा शब्द. पहिली गाडी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या कोल्लयिल पंचायतीत सुरू झाली. डिझेलचे पैसे आपल्याच खिशातून जाणार म्हटल्यावर कोणती फेरी खरोखर लागते, याची चर्चा आपोआप शहाणी होते.

हुडकेश्वरला हे लागू पडण्याचे एक खास कारण आहे. इथून बेसाकडे निघाले की थोड्याच अंतरावर महापालिकेची हद्द संपते. बेसा-पिपळा हा भाग वेगळ्या नगरपंचायतीचा. रस्ता एक, माणसे एकाच शाळेत जाणारी, पण कचरा उचलणारे वेगळे, कर घेणारे वेगळे. अशा जागी बसचा तोटा कोणी सोसायचा, यावरून लाइन रखडू शकते. दोन्ही संस्थांनी मिळून खर्च वाटून घ्यायचा असेल तर केरळचा नमुना समोर आहे.

पुणे आणि अजनी

महाराष्ट्रात लोकांना विचारून आणि न विचारून, दोन्ही करून पाहिलेले शहर पुणे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली ती घाईत. रस्त्याच्या मधोमध थांबा, तिथवर जायचे कसे, हे प्रवाशाला रस्ता ओलांडतानाच शिकावे लागले. अपघात झाले, टीका झाली, आणि 'बीआरटी' हा शब्दच पुण्यात बदनाम झाला. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्गावर 'रेनबो' नावाने दुसरा प्रयोग झाला तेव्हा लोकसंपर्काचे काम वेगळे हाती घेतले गेले. संस्थांची मदत घेतली, वस्त्यांत जाऊन समजावले. सुरुवात पहिल्यापेक्षा निश्चित बरी झाली. तरीही नगर रस्त्यावरची बीआरटी मार्गिका पुढे उखडली गेलीच. समजावणे आणि विचारणे यांतला फरक तिथे उघडा पडला. आराखडा पक्का करून लोकांना समजावून सांगणे, याला जनसंपर्क म्हणावे. सहभागाची वेळ त्याच्या पुष्कळ आधीची.

एसटीने जुलै २०२४ पासून 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. विभाग नियंत्रक आगारात बसून प्रवाशांच्या तक्रारी ऐकतात. स्वागत आहे. पण तोवर गाडी सुटलेली असते आणि वेळापत्रक भिंतीवर लागलेले असते.

घरचे उदाहरण अजनीचे. हुडकेश्वरहून शहरात जाताना फार दूर नाही. तिथल्या रेल्वे वसाहतीत राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने इंटर-मोडल स्टेशन आखले. रेल्वे, मेट्रो, बस एका छपराखाली, कल्पना वाईट नव्हती. पण हजारो झाडे त्यात जाणार होती आणि नागपूरकरांना हे कळले ते वृक्षतोडीच्या सूचनेवरून. २०२१ मध्ये 'अजनी वन' वाचवण्यासाठी तरुण रस्त्यावर आले, हरकतींचे गठ्ठे जमा झाले, आणि मूळ योजना मागे पडली. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या जागी अजनी स्थानकाच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. या वादात झाडांची बाजू घेणारे आणि वाहतुकीची बाजू घेणारे बरेचसे एकच लोक होते, हे नंतर कोणी लक्षात घेतले नाही. त्यांना आधी एका टेबलाशी बसवले असते तर झाडे राखून स्टेशन कसे करता येईल, यावर भांडण झाले असते. ते उपयोगाचे भांडण ठरले असते.

सभेला कोण येते?

लोकांना विचारा म्हणणाऱ्यांनी हेही मान्य करावे की, सभेला येतात ती सगळ्यांच्या वतीची माणसे नसतात. मंगळवारी सकाळी अकराला झोन कार्यालयात सुनावणी ठेवली तर निवृत्त गृहस्थ येतील, प्लॉटचे व्यवहार करणारे येतील, आणि 'थांबा हवा, पण आमच्या फाटकासमोर नको' म्हणणारे हमखास येतील. पाळीवर गेलेली परिचारिका येणार नाही. म्हणून विचारणाऱ्याने जागा आणि वेळ बदलायला हवी. सकाळी सहाला हुडकेश्वर नाक्यावर, मेडिकलच्या ओपीडीच्या रांगेत, अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत, शाळा सुटताना. एक मोठा कागदी नकाशा आणि लाल-निळी पेनं एवढे साहित्य पुरते. तुम्ही कुठे जाता, याच्या जोडीला तुम्ही कुठे जायचे सोडून दिले, हेही विचारावे.

शेअर ऑटोवाल्यांना तर आधी बोलवावे. त्यांना विरोधक धरून बस आणली की पहिल्याच आठवड्यात थांब्यावर बाचाबाची होते. वास्तविक या भागाच्या प्रवासाची सर्वांत चोख माहिती त्यांच्याकडे आहे. कोणत्या वाजता कोणत्या कोपऱ्यावर किती सवारी मिळते, हे त्यांचे पोट आहे. बस मुख्य रस्त्यावर आणि ऑटो ले-आउटच्या आत, अशी वाटणी त्यांच्याशी बोलूनच ठरेल. आणि ते हुडकेश्वरचेच रहिवासी आहेत.

पैशाचेही स्पष्ट बोलावे. शहर बस तोट्यात चालते, जगात बहुतेक ठिकाणी. एक फेरी वाढवली तर महापालिकेला किती पडते, हे आकडे रहिवाशांसमोर ठेवले तर 'दर दहा मिनिटांनी बस हवी' ही मागणी 'सकाळी साडेसहा ते नऊ दर पंधरा मिनिटांनी, दुपारी तासाला एक' अशी होऊ शकते. माहिती न देता मत मागितले तर यादी लांब होते आणि कोणीच ती वाचत नाही.

अहमदाबादने २००९ मध्ये 'जनमार्ग' ही आपली बीआरटी सुरू करण्यापूर्वी जवळपास तीन महिने लोकांना फुकट बसवून फिरवले आणि त्यांचे म्हणणे ऐकून दुरुस्त्या केल्या. हुडकेश्वरसाठी कोट्यवधींचा मार्ग बांधायचा नाही. दोन-तीन मिनी बस महिनाभर चालवून पाहायच्या आहेत. चुकली तर वाट बदलता येते. मेट्रोच्या खांबाला ती सवलत नसते. म्हणून लोकसहभागाचा पहिला धडा मेट्रोऐवजी बसवर गिरवणे स्वस्त आणि सोपे.

महापालिकेच्या परिवहन विभागाला यासाठी नवा कायदा नको, नवी समिती नको, सल्लागाराची निविदाही नको. २००९ ची तरतूद हाताशी आहे. हुडकेश्वर-नरसाळ्याची एक क्षेत्रसभा संध्याकाळी सातला भरवावी, तिच्याआधी महिलांची वेगळी बैठक घ्यावी, बेसा-पिपळा नगरपंचायतीला आमंत्रण द्यावे आणि विषयपत्रिकेवर एकच विषय ठेवावा: छत्रपती चौकाकडे जाणारी बस. आलेल्या सूचनांपैकी कोणत्या घेतल्या, कोणत्या सोडल्या आणि का, हे महिन्याभरात नाक्यावरच्या फलकावर लावावे. आणि ही सभा होईपर्यंत त्या लाइनचा नकाशा कोणीही पक्का करू नये.